मुरायला ठेवलेली पेटी

धोंडीराममामांना वास येत नाही, हे आधी गोजराबाईला कळलं आणि मग मामांना.

२००६ सालचा ऑगस्ट होता. दोन आठवड्यांचा ताप आणि डोकं जड करून टाकणारी सर्दी यांतून मामा नुकतेच उठले होते. जेल रोडवरच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात, पुढच्या खोलीत ते पेपर वाचत बसले होते. आत गॅसवर दूध होतं. चेहेडी गावची गोजराबाई रोजच्याप्रमाणे भाजीची पाटी डोक्यावर घेऊन दारात आली आणि पाटी न उतरवताच थबकली.

"दादा, दूध लागलंय."

"नाही गं, आत्ताच ठेवलंय."

"आत्ताच? तळ जळला त्याचा. गल्लीच्या तोंडाशी वास आला मला. नाक काय गहाण टाकलंय का तुम्ही?"

मामा आत गेले. पातेल्याचा तळ काळाठिक्कर पडला होता, खोलीत धूर होता आणि डोळे चुरचुरत होते. त्यांनी पातेल्यावर वाकून श्वास घेतला. काहीच नाही. त्यांनी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. कापूर बोटात चुरडला. शेवटी रॉकेलच्या डब्याचं झाकण काढलं. नाकात किंचित झोंबलं, पण वास म्हणून काही आला नाही. त्यांनी झाकण परत लावलं, हात धुतले आणि बाहेर येऊन गोजराबाईकडून मेथीची जुडी घेतली.

डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं. कधीकधी तापानंतर असं होतं म्हणाले, येईल परत, नाहीही येणार, सहासष्ट वर्षांच्या वयाला फार आशा धरू नका. बाहेर बसलेल्या बायाबापड्यांच्या दुखण्यापुढे हे दुखणं डॉक्टरांना दुखण्यासारखं वाटलंच नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलंही नाही. ज्याला वास येत नाही तो जेवतो, चालतो, झोपतो. पण मामांच्या घरात जिन्याखालच्या कोनाड्यात एक लाकडी पेटी होती, तिच्यात दहा बाटल्या होत्या, आणि त्या बाटल्या उघडायला अजून अडीच वर्षं बाकी होती. दवाखान्यातून घरापर्यंत चालत येताना मामांच्या मनात दुसरं काहीही नव्हतं.

ती पेटी काय होती, ते सांगायला हवं.

धोंडीराममामा चौतीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. प्रयोगशाळेतल्या परिचराला मुलं मामाच म्हणतात. आम्लाच्या वाफांनी बाटल्यांवरची लेबलं खाऊन टाकली की प्राध्यापकसुद्धा बाटली मामांकडे पाठवत. मामा बूच काढून तळहाताने वारा घालत, थोडा वास घेत आणि नाव सांगत. ते कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ३१ मे १९९८ ला ते निवृत्त झाले. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांची बायको सरुबाई गेली होती. एकुलती एक मुलगी छाया सिन्नरला दिली होती. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मामा सवयीने साडेनऊला डबा भरून तयार झाले, आणि कुठे जायचं ते न सुचल्यामुळे स्वयंपाकघरात उभ्यानेच तो डबा खाऊन टाकला.

दीड वर्षाने ललित आला. ललित त्यांच्या प्रयोगशाळेतला जुना विद्यार्थी. ऑस्ट्रेलियात वाइन बनवायचं शिकून तो परत आला होता, आणि सिन्नरच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एका शेठने काढलेल्या छोट्या वायनरीत मुख्य म्हणून लागला होता. त्याला प्रयोगशाळा सांभाळायला माणूस हवा होता.

"मामा, पगार थोडा आहे, पण जीप घरापासून नेईल."

"अरे, पण दारूचा कारखाना."

"दारू नाही मामा, वाइन."

"छायाच्या सासरी हा फरक तू येऊन समजावशील का?"

छायाने तो प्रश्न आपल्या परीने सोडवला. बाबा सरबताच्या कारखान्यात जातात, असं तिने सासरी सांगून टाकलं.

मामांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी ललितने उंच दांडीच्या काचेच्या पेल्यात दोन बोटं लाल वाइन ओतली आणि म्हणाला, "पिऊ नका. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरा, रंग बघा. मग गोल फिरवा आणि नाक आत घाला. मग घोट घ्या, तोंडभर फिरवा, ओठांतून थोडी हवा ओढा आणि थुंका. प्रयोगासारखं."

प्रयोगासारखं म्हटल्यावर मामांना सोपं गेलं. त्यांनी जर्नलची एक वही घेतली आणि प्रत्येक टाकीच्या नावाने पान पाडलं. कृती, निरीक्षण, अनुमान. पहिल्याच आठवड्यात त्यांनी निरीक्षणात लिहिलं, "टाकी क्र. ३. सोललेल्या शेवग्याच्या शेंगेचा हिरवा वास." ललित हसला, मग त्याने वास घेतला आणि हसायचा थांबला. त्याच्या पुस्तकात त्या वासाला ढोबळी मिरचीचं नाव होतं, द्राक्ष कच्चं उतरवलं की येतो तो. पण शेवगाच जास्त बरोबर होता.

तेव्हापासून त्या दोघांचा एक रिवाज पडला. सकाळी दहाला, तोंडाला चहाची चव नसताना, दोघं समोरासमोर बसत. आधी वास घेत, काही बोलत नसत, आपापल्या कागदावर लिहीत आणि मग कागद बदलून बघत. कित्येकदा दोन्ही कागदांवर एकच शब्द असे. मामांना या गोष्टीचा जो आनंद होई तो त्यांना कुणाला समजावून सांगता आला नसता. आपल्या तोंडातली चव दुसऱ्याला दाखवता येत नाही. माणूस तिच्यापाशी एकटाच असतो. आणि समोरच्याच्या कागदावर 'सुकलेलं जांभूळ' असं लिहिलेलं दिसलं की कळतं, तोही तिथेच उभा आहे. सरुबाई गेल्यापासून असं कुणी त्यांच्या शेजारी उभं राहिलं नव्हतं.

२००१ चा मार्च आला. त्या साली सिन्नरच्या बाजूला पाणी कमी होतं, कॅबर्ने जातीच्या द्राक्षाचे मणी हरभऱ्याएवढेच राहिले होते, काळे आणि जाड सालीचे. लाल वाइनचा रस सालींसकट आंबवतात. साली वर येऊन त्यांचा जाड थर बसतो, त्याला टोपी म्हणतात. ती दिवसातून तीन वेळा दांड्याने दाबून रसात बुडवायची. रंग आणि तुरटपणा सालीतूनच उतरतो. पुरेसा उतरला की मुख्य माणूस सांगतो, आता काढा, मग रस सालींपासून वेगळा करतात. साधारण बारा दिवस. नवव्या दिवशी ललितला मलेरिया झाला आणि तो दवाखान्यात पडला.

टाकीवरचा माणूस वाळू बाराव्या दिवशी मामांकडे आला.

"मामा, काढायचा का रस?"

"सरांनी सांगितलंय का?"

"सरांना कुठं शुद्ध हाय?"

"मग दाबत राहा. चालू प्रयोग आपण थांबवायचा नसतो."

चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. सरांनी बर्नर बंद करा म्हटल्याशिवाय बर्नर बंद केला नव्हता. वाळूचे हात दुखले तेव्हा मामांनी स्वतः दांडा घेतला. ललित काठी टेकत परत आला तो अठ्ठाविसावा दिवस होता, आणि टोपी दिवसातून तीनदा इमानेइतबारे बुडत होती.

ललितने टाकीतून पेला भरला. पोटॅशियम परमँगनेटच्या घट्ट द्रावणासारखा रंग, पलीकडचं बोट दिसेना. घोट घेतला आणि त्याचे गाल आत ओढले गेले.

"मामा, हे काय केलंत?"

मामांनी घोट घेतला. हिरड्याच्या काढ्याने चूळ भरल्यासारखं झालं. जीभ वाळून टाळूला चिकटली, हिरड्या आवळल्या. पण ते लगेच थुंकले नाहीत. त्या तुरटपणाच्या मागे, बंद दाराआड कुणी स्वयंपाक करत असावं तसा, फार खोल कसलातरी वास होता. त्यांनी तो पुन्हा शोधला. होता.

शेठ मुंबईहून आले. त्यांच्याबरोबर आलेल्या पाहुण्याने घोट थुंकून पाणी मागितलं. हा थेंबाथेंबाने दुसऱ्या मालात मिसळून संपवा, असं ठरलं. मामा कधी वरिष्ठांपुढे बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"शेठ, हा होणार. याला वेळ द्यायला हवा. मुरेल."

"किती वेळ?"

मामांनी ललितकडे पाहिलं. ललित म्हणाला, "इतका तुरट आहे, तर सात-आठ वर्षं. टिकण्याची ताकद त्या तुरटपणातच असते. पण तो निघून गेल्यावर आत काही असेलच असं नाही. मी सांगू शकत नाही."

"मी सांगतो," मामा म्हणाले. "आत आहे."

शेठ मोठ्याने हसले. पण मिसळायचं राहून गेलं आणि वर्षभर ती वाइन एका पिंपात पडून राहिली. पुढच्या हंगामाला पिंप हवं झालं तेव्हा शेठने ती बाकीच्यात मिसळायला लावली आणि जाताना म्हणाले, "मामांसाठी एक पेटी काढून ठेवा. मुरवू द्या त्यांना." माणसं हसली. ललितने स्वतः हाताने बारा बाटल्या भरल्या, बुचं ठोकली, लेबल लावलं नाही. त्या बारा बाटल्या सोडल्या तर ती वाइन आता जगात कुठेच नव्हती.

"२००९ च्या आधी उघडू नका," ललित म्हणाला. "मी असेन. मिळून उघडू."

२००३ मध्ये ललित ऑस्ट्रेलियाला परत गेला. जाण्याआधी, न राहवून, दोघांनी एक बाटली उघडली. दोघांच्याही कागदावर एकच शब्द होता, 'बंद'. दोघं हसले. ललितने आपले दोन दांडीचे पेले मामांना देऊन टाकले. पहिली दोन वर्षं नाताळात त्याचं कार्ड आलं. मग आलं नाही. २००५ मध्ये शेठने वायनरी विकली, नव्या लोकांना मामांचं काम नव्हतं. शेवटच्या दिवशी घरी येऊन मामांनी एकट्याने दुसरी बाटली उघडली. अजून तुरटच होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पेल्याच्या तळाशी राहिलेल्या दोन थेंबांना भिजवलेल्या मनुकांचा वास होता. मामांनी वहीत लिहिलं, "दार किलकिलं." कागद बदलायला समोर कुणी नव्हतं.

आणि मग तो ताप.

वास गेल्यानंतरचे दिवस बिनमिठाचे गेले. मीठ कळत होतं, आंबट-गोड-कडू कळत होतं, पण मेथी आणि पालक यांत फरक राहिला नव्हता. छायाने फोनवर सांगितलं, "बाबा, इकडे येऊन राहा." ते दोन दिवस गेले आणि परत आले. पेटी तिकडे नेता आली नसती, आणि पेटी सोडून राहवत नव्हतं. उष्म्याने वाइन बिघडते, म्हणून उन्हाळ्यात ते तिची फार काळजी घेत. मामांचं घराणं मूळचं चेहेडीच्या माळ्यांचं. संध्याकाळी काढलेली भाजी सकाळच्या बाजारापर्यंत ताजी राहावी म्हणून तिथे पाटीवर ओलं गोणपाट घालतात. मामाही मार्चपासून पावसापर्यंत दिवसातून दोनदा गोणपाट भिजवून पेटीवर पसरत. पावसाळ्यातही ते तसंच राहू देत, सावली म्हणून.

जानेवारी २००९ उजाडला. मामांनी दिवाळीतच ललितच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं होतं. उत्तर आलं नाही. त्यांनी वाट पाहिली, संक्रांत जाऊ दिली. मग एका सकाळी, अंघोळ करून, त्यांनी पेटीतली वरच्या थरातली एक बाटली काढली, कोनाड्याच्या अंधारातच बूच उघडलं आणि पुढच्या खोलीत येऊन पेला भरला.

रंग त्यांना दिसत होता. मधोमध गडद लाल आणि कडेला विटकरी झाक. जुनी होत जाणारी वाइन कडेने विटकरी होते, हे ठीक होतं. त्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. तुरटपणाला वास लागत नाही, तो स्पर्श असतो, तो त्यांना पुरता कळत होता. जीभ आवळली नाही. ज्याने आठ वर्षांपूर्वी गाल आत ओढले होते, ते आता जुन्या धुतलेल्या मांजरपाटासारखं मऊ होऊन जिभेवरून गेलं. म्हणजे दार उघडलं होतं. पण आत काय आहे ते सांगणारं एकच इंद्रिय त्यांच्याकडे नव्हतं. आत काही नसलं, तर शेठ हसले ते बरोबरच हसले होते, आणि अठ्ठावीस दिवस दाबलेला दांडा ही एका आज्ञाधारक गड्याची चूक होती, इतकंच.

दारात पाटी टेकल्याचा आवाज आला.

"दादा, वाटाणा आणलाय. सोलून देऊ का?"

"गोजराबाई, जरा आत ये. एक काम आहे."

गोजराबाई आत आली, पेला बघितला आणि पदर नाकाला लावला. "सकाळी सकाळी हे धंदे? सरुबाई असती तर लाटण्यानं झोडलं असतं."

"प्यायची नाही. फक्त वास घेऊन सांग."

"मी माळकरी हाय, दादा."

"म्हणूनच सांगतो, प्यायची नाही. तुझं नाक चांगलं आहे. माझं गेलंय."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. दुधाची गोष्ट तिला आठवत असावी. "वास घ्यायला देव काय म्हणत नसंल," असं पुटपुटत ती खाली बसली. मामांनी पेला गोल फिरवून तिच्या हातात दिला. तिने नाक घातलं आणि लगेच बाजूला केलं.

"खरं सांगू का?"

"खरंच सांग."

"ओल्या गोणपाटाचा वास येतोय. कुबट. माझ्या पाटीवरचं फडकं दोन दिवस धुतलं नाय की येतो, तसा."

"त्याच्या मागे काही?"

तिने पुन्हा वास घेतला. "नाय. गोणपाटच. तुमाला वाईट वाटलं का?"

"नाही," मामा म्हणाले. त्यांनी वाटाणा घेतला. ती गेल्यावर त्यांनी वही उघडली, निरीक्षणात तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले आणि अनुमानाच्या ओळीत लिहिलं, "काही नाही." मग पेला मोरीत ओतला.

तीन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. गोजराबाई येई, तिला खिडकीतूनच नको म्हणत. चौथ्या दिवशी त्यांनी ठरवलं की बाकीच्या नऊ बाटल्या ठेवण्यात अर्थ नाही. कोनाडा रिकामा करून तिथे बादल्या ठेवता येतील. त्यांनी गोणपाट बाजूला फेकलं, पेटी ओढत पुढच्या अंगणात आणली आणि उन्हात तिचा वरचा थर बाहेर काढला.

तेव्हा त्यांना बुचं दिसली. वरच्या थरातल्या प्रत्येक बाटलीच्या बुचावर काळी बुरशी धरली होती, मखमलीसारखी जाड. अंधाऱ्या कोनाड्यात ती कधी दिसली नव्हती आणि नाकाने सांगितलं नव्हतं. त्यांनी नखाने खरवडलं. बूच ओलं होतं. मामा तिथेच पायरीवर बसले. कुबट वास वाइनचा नव्हता. तो त्यांनीच, दिवसातून दोनदा, मोठ्या मायेने शिंपडला होता.

स्वतःवर रागवायलाही त्यांना जमेना. मग त्यांनी खाली हात घातला. दोन थरांच्या मध्ये ललितने भाताचा पेंढा पसरला होता, वीतभर. खालच्या थरातल्या सहा बाटल्यांची बुचं कोरडी होती, ललितने ठोकली तशी, फिकट आणि स्वच्छ.

गोजराबाई आली तेव्हा मामा दाराशीच उभे होते.

"आज काय घेणार हाय का खिडकीतूनच हाकलणार?"

"आत ये. पुन्हा वास घ्यायचाय."

"पुन्हा गोणपाट?"

"माहीत नाही. गोणपाट असेल तर गोणपाट म्हण. मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? मला काय तुमच्या बाटलीचं सोयरसुतक?"

मामांनी बूच अगदी हळू काढलं. दोन्ही पेले धुऊन, पुसून ठेवले होते. एकात तिच्यासाठी ओतलं, एकात स्वतःसाठी, आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग पेला फिरवून तिच्या हाती दिला. मामांच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून बसलो आहोत, जणू त्यांच्या श्वासाने पेल्यातला वास बिघडला असता.

गोजराबाईने नाक घातलं. या वेळी बाजूला केलं नाही.

"गोणपाट नाय," ती म्हणाली.

मामांनी वही पुढे ओढली.

"थांबा. जांभूळ हाय. ओलं नाय, झाडाखाली पडून सुकलेलं असतं ना, मुंग्या लागायच्या आधी, तसं." तिने पेला खाली केला, विचार केला, पुन्हा नाकाशी नेला. "आणि आमचे आबा तंबाखूचं नवं पान आणायचे. डबीतली नाय, आख्खं पान. त्याचा. आणि ते... मटणाच्या मसाल्यात मोठी काळी वेलची घालतात, ती."

"तू माळकरी ना गं?"

"माळ घालायच्या आधी खात होते की. मटण लय चांगलं करायचे मी." ती हसली, आणि नाक पेल्यातच ठेवून म्हणाली, "आणि लाकडाची पेटी. माझ्या आईची होती, लुगड्यांची. उघडली की आतून यायचा. बास, मला एवढंच येतं."

मामा लिहीत होते. वहीत ओळीखाली ओळ पडत होती. ही बाई गोणपाटाला गोणपाट म्हणाली होती, तिने वाटाण्याचं गिऱ्हाईक जाईल म्हणूनही शब्द मागे घेतला नव्हता. तिच्या साक्षीवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. त्यांनी आपला पेला उचलला आणि घोट घेतला. मऊ, लांब, उबदार काहीतरी जिभेवरून गेलं, थांबलं, आणि बराच वेळ गेलंच नाही. जांभूळ नाही, तंबाखू नाही, पेटी नाही. फक्त त्या सगळ्यांना राहायला झालेली जागा त्यांना कळली. त्यांनी थुंकायचं पातेलं पुढे ओढलं, मग तसंच राहू दिलं आणि घोट गिळला.

"बरोबर आलं का?" गोजराबाईने विचारलं.

"आलं."

"म्हंजी?"

"म्हणजे मी आठ वर्षांपूर्वी एक गोष्ट सांगितली होती. लोक हसले होते. ती बरोबर होती."

"मग सांगा की त्यांना फोन करून. आता हसा म्हणावं."

मामांनी मनात मोजून पाहिलं. शेठ मुंबईला कुठे असतात ते माहीत नव्हतं, आणि त्यांना ती गोष्ट आठवणारही नव्हती. वाळू अंबडला कुठल्याशा कंपनीत लागला होता, त्याला दांडा तेवढा आठवला असता. ललितला पत्र पाठवून झालं होतं. राहिलेल्या बाटल्यांतली एक त्याला पाठवावी, तर पत्ता जुना. आणि आतली वाइन शाबूत आहे की नाही, हे उघडल्याशिवाय कळायचं नाही, नि उघडली की पाठवायला काही उरायचं नाही. छायाला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरं झालं बाबा, जेवलात का.

"सांगायचं कुणी राहिलं नाही," ते म्हणाले. "तुला सांगितलं, झालं."

ऊन उंबऱ्यातून आत आलं होतं आणि पाटीतल्या मेथीवर पडलं होतं. अजून तिला दोन बिल्डिंगी करायच्या होत्या, मग बिटको चौकात बसायचं होतं. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, पाटीपाशी गेली, फडकं ओढून मेथीवर नीट घातलं. मामांना वाटलं ती आता चुंबळ डोक्यावर ठेवेल. ते वही मिटू लागले.

ती परत आली आणि मांडी घालून बसली.

"द्या इकडं," ती म्हणाली, आणि त्यांनी द्यायची वाट न बघता पेला उचलून त्यांच्यासारखाच, थोडा चुकत, गोल फिरवला. नाक आत घातलं, डोळे मिटले. या वेळी तिने बराच वेळ घेतला.

"दादा, आता निराळंच काहीतरी हाय."

मामांनी वही पुन्हा उघडली. "सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग."